सात वाजून दहा मिनिटांची भूक

गार्गी सूर्यवंशीचा सकाळचा पहिला शब्द 'भूक' असायचा. डोळे उघडायच्या आधी, पांघरूण बाजूला व्हायच्या आधी ती छताकडे तोंड करून ओरडायची, "आई, भूक!" दीड वर्षांची असल्यापासून हा रतीब चालू होता. इतर पोरं उठली की रडतात, ही खायला मागायची. दोन ताटल्या पोहे, त्यावर एक केळं, त्यावर वडिलांच्या गाड्यावरचा उरलासुरला शिरा, आणि मग दप्तर कोपऱ्यात भिरकावून मैदानाकडे धूम. तिचं ते हादडणं बघून शेजारणी म्हणायच्या, "पोरीच्या जातीला एवढी भूक बरी न्हवं." त्यावर तिची आई सारिका म्हणायची, "एकदा तिची चढाई बघायला या, मग बोला."

सारिका इस्लामपुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होती आणि मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक. नवरा जयवंत त्याच शाळेच्या मैदानाच्या फाटकाशी रोज सकाळी पोह्यांचा गाडा लावायचा. नवरा पोरांच्या पोटात भरतो आणि बायको ते जिरवते, अशी गावात थट्टा चालायची. दोघांनाही ती आवडायची. सकाळी आठला मैदानावर सारिकाची शिट्टी आणि फाटकाशी जयवंतच्या कढईत तडतडणारी मोहरी, असे दोन आवाज एकदम सुरू व्हायचे, आणि त्यांच्यामध्ये पन्नास-साठ पोरापोरींचा कालवा. दिवस असा सुरू व्हायला नशीब लागतं, हे तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं.

कबड्डीत वयाला मर्यादा असते तशी वजनालाही असते. किशोरी गटात वय सोळाच्या आत आणि वजन पंचावन्न किलोच्या आत. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक मुलीला काट्यावर उभं करतात. याला 'वजन देणं' म्हणतात. आणि वजन द्यायचं म्हटलं की सगळे प्रशिक्षक पिढ्यान् पिढ्या एकच करत आलेत: पोरींना उपाशी ठेवायचं. आदल्या दिवसापासून जेवण तोडायचं, पाणी तोडायचं, अंगात दोन-दोन स्वेटर घालून उन्हात पळवायचं, चिंच चघळायला देऊन थुंकायला लावायचं. काट्यावरून उतरलेली पोर थेट केळ्यांच्या घडावर तुटून पडायची. हे चूक आहे असं कुणालाच वाटत नसे, कारण सगळ्यांनी ते सोसलेलं होतं.

सारिकानंही सोसलं होतं. ती पंधरा वर्षांची असताना राज्याच्या निवडीला गेली आणि काट्यानं दोनशे ग्रॅम जास्त दाखवले. सकाळी बसस्टँडवर जीव कासावीस झाला म्हणून ती नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायली होती. त्या पाण्यात तिची महाराष्ट्राची जर्सी वाहून गेली. पुढच्या वर्षी वय उलटलं होतं. पंचवीस वर्षं झाली, तरी नळाचं ते पाणी तिच्या घशात अडकून होतं. आपल्या पोरीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

आणि साडेतेरा वर्षांची गार्गी भरली सत्तावन्न किलो चारशे ग्रॅम. जिल्ह्याच्या निवडीला दीड महिना होता.

दाणा नेमका त्याच सुमारास शाळांमध्ये आला होता. हे २०३८ साल. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, पण तांदळाच्या कणीएवढी ती वस्तू दंडाच्या कातडीखाली बसवत, म्हणून सगळे त्याला दाणाच म्हणू लागले. "तुमच्या पोराला दाणा बसवला का?" हा प्रश्न लोक लसीइतक्या सहजपणे विचारत.

दाण्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. जी मुलं सकाळी न खाता शाळेत जातात, त्यांची वजनं वाढतात आणि ती हालचालही कमी करतात, हे जगभरच्या पाहण्यांतून कितीतरी वर्षं दिसत होतं. पण उपाशी राहिल्यामुळं वजन वाढतं की वाढलेल्या वजनामुळं न्याहारी सुटते, याचा उलगडा होत नव्हता. मग संशोधकांचं लक्ष यकृताकडे गेलं. यकृताला स्वतःचं घड्याळ असतं आणि सकाळचा पहिला घास त्या घड्याळाला किल्ली देतो. ती किल्ली मिळाली नाही की शरीर दिवसभर गोंधळतं, चरबी साठवत सुटतं. तसंच धावून आलेले स्नायू रक्तात काही रेणू सोडतात, आणि ते रेणू सगळ्या अवयवांना 'आज काम झालं' असं कळवतात. दाणा या दोन्ही निरोपांची नक्कल करायचा. रोज पहाटे सहाला तो रक्तात कणभर द्रव सोडायचा, आणि शरीराला वाटायचं की आपण खाल्लंय आणि धावूनही आलोय. वाढलेलं वजन उतरे आणि मग जागच्या जागी राही. साखर ताब्यात, स्नायू शाबूत. पोरांना न्याहारीसाठी उठवा, खेळायला पिटाळा, ही कटकटच मिटली.

"पोट भरल्याची थाप मारायची शरीराला? रोज?" जयवंतनं विचारलं होतं.

"मग काय, संघातल्या बाकीच्या पोरींसारखं करू? उपाशी ठेवू तिला? चिंच चघळायला लावू?" सारिका म्हणाली. "दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. वजन देऊन झालं की काढू."

जयवंतनं मान डोलावली. खरं तर पोरीला उपाशी ठेवायच्या दिवसांत त्यालाच घरात अन्न गोड लागत नसे.

दाणा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी उठली, केस बांधले, दात घासले आणि बूट घालून दारात उभी राहिली. तिनं हाक मारलीच नाही. पहिल्या दिवशी सारिकाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली.

निवडीच्या सकाळी गार्गीनं वजन दिलं चौपन्न किलो सहाशे. शेजारच्या तालुक्याची एक मुलगी काट्यावरून उतरताना चक्कर येऊन पडली, आणि गार्गी तिला हात देऊन उठवत होती, ताजीतवानी. त्या दिवशी तिनं एकटीनं सोळा गुण आणले. सारिका मैदानाच्या कडेला उभी राहून उघड उघड रडली. घशातलं पाणी एकदाचं खाली उतरलं असं तिला वाटलं.

मग दाणा काढायचा राहूनच गेला. पुढं विभागाची स्पर्धा होती, त्यापुढं राज्याची. आणि सारिका एवढ्यावर थांबली नाही. संघातल्या उरलेल्या अकरा मुलींच्या घरी ती स्वतः गेली. शहाण्या बाईचा उत्साह मोठा वाईट असतो, कारण लोक तिचं ऐकतात. "आमच्या गार्गीला बसवलाय," ती सांगायची, "आता एकीलाही उपाशी ठेवणार नाही मी." आयांनी भराभर संमतीपत्रांवर सह्या केल्या. मॅडम स्वतःच्या पोरीला बसवतात म्हटल्यावर शंका कसली काढायची?

पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते सांगायला फारसं काही नाही, आणि तीच खरी गोष्ट आहे. काहीच मोडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. मैदानावरचा कालवा मात्र कमी कमी होत गेला. आधी शिट्टी वाजायच्या आत पोरं पळत सुटायची, आता शिट्टी वाजल्यावर पळू लागली. मग दोनदा वाजवल्यावर. मधल्या सुट्टीत डबे उघडून, सांगितल्यासारखे संपवून मुलं वर्गातच बसू लागली. भांडणं मिटली, खरचटलेले गुडघे दिसेनासे झाले. मुख्याध्यापकांनी शिस्तीबद्दल शाळेचं कौतुक केलं. आईबाप खूश होते. पोरगी जागची हलत नाही, चार-चार तास अभ्यासाला बसते, याहून आणखी काय पाहिजे? जयवंतच्या गाड्यावर आता फिरायला येणारे म्हातारे तेवढे उभे राहत. एके दिवशी त्यानं मोठी कढई घरी आणून माळ्यावर ठेवली आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाला, "धाकटी पुरते."

सारिकाच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली ती जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात.

शेवटची दोन मिनिटं होती. इस्लामपूर दोन गुणांनी मागं. गार्गी चढाईला गेली. मध्यरेषा ओलांडताच तिचा दम सुरू झाला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी…" स्वच्छ आणि ठणठणीत. ती निदान रेषेपर्यंत गेली, डावीकडं झुकली, उजवीकडं सरकली, आणि उभी राहिली. नुसती उभी. दम थोडा वेळ चालू होता. मग तिनं तोंड मिटलं.

तिचा श्वास तुटला नव्हता. समोर सात जणी होत्या. त्यांनी झडप घालायला हवी होती. त्याही उभ्याच राहिल्या. त्यांच्याही दंडात दाणे होते. आठ मुली एकमेकींकडं शांतपणे बघत मॅटवर उभ्या, आणि पंच शिट्टी तोंडाशी धरून बुचकळ्यात पडलेले. प्रेक्षकांत आधी हशा पिकला. मग तो विरला.

सारिकानं तिला कोपऱ्यात नेलं. "काय झालं? दम गेला?"

"नाही."

"पाय मुरगळला?"

"नाही गं."

"मग थांबलीस का?"

गार्गीनं प्रामाणिकपणे विचार केला. "पुढं जावंसं वाटलं नाही."

"घाबरलीस?"

"नाही. आई, चिडू नको ना. मला जिंकायचं होतं. पण ते आतून येतं ना, ढकलल्यासारखं? ते आलंच नाही."

पोरीच्या चेहऱ्यावर ना आळस होता ना उद्धटपणा. आईला वाईट वाटलं म्हणून ओशाळलेली एक शहाणी मुलगी तेवढी समोर होती.

त्या सामन्याचं चित्रण बघून एका बाईंचा फोन आला. डॉक्टर नसीम मुजावर, मिरजेच्या एका संशोधन केंद्रात काम करणाऱ्या. "मुलीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला माझे उंदीर दाखवायचेत."

तिघंही मिरजेला गेली. तिथं दोन पिंजरे होते. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्हींना रोज नऊला खाणं मिळतं. आता साडेआठ झालेत. बघा."

पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर जाळीवर चढत होते, चाकावर पळत होते, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. दुसऱ्यातले बसून होते. गुबगुबीत नाहीत, हाडकुळे नाहीत, अंगावरची लव चमकदार. नऊ वाजता खाणं टाकलं तेव्हा तेही उठून आले आणि सावकाश खाऊन पुन्हा जागेवर जाऊन बसले.

"रिकाम्या पोटातून एक संप्रेरक निघतं, घ्रेलिन," डॉक्टर सांगू लागल्या. "ते मेंदूत पोचलं की आपल्याला भूक लागते, एवढंच आपण शिकलो. पण ते त्याहून जुनं काम करतं. ते प्राण्याला उठवतं. जा, हिंड, शोध, असं सांगतं. जंगलात न्याहारी कुणी ताटात आणून देत नाही ना? भूक आणि धाव मेंदूत एकाच वाटेनं जातात. आम्ही सकाळची भूक बंद केली आणि त्या वाटेवरची रहदारीच थांबवली."

"मग दाणा काढा," जयवंत म्हणाला. "आत्ता काढा."

"काढूच. पण ऐकून घ्या. मोठ्या उंदरांचा काढला की आठवड्यात ते पूर्ववत होतात. हे," त्यांनी दुसऱ्या पिंजऱ्याकडं बोट केलं, "यांना वाढीच्या वयात बसवला होता. काढून चार महिने झालेत. तेरा ते सोळा या वयात मेंदू आवराआवर करतो. ज्या वाटा वापरात आहेत त्या पक्क्या करतो, ज्या नाहीत त्या बुजवून टाकतो. जितक्या लहानपणी काढाल तितकी आशा जास्त. सोळा उलटल्यावर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"दाण्याच्या कंपनीवाल्यांना सांगितलं का हे?" जयवंतनं विचारलं.

"सांगितलं. ते म्हणतात, वजन बघा, साखर बघा. दोन्ही उत्तम आहे. त्यांनी जे कबूल केलं ते दिलंय हो." डॉक्टर थकल्यासारख्या हसल्या. "माणसावरचा पुरावा आणा म्हणतात. त्याला वर्षं लागतील."

"ते दुःखी आहेत का?" गार्गीनं विचारलं. ती दुसऱ्या पिंजऱ्यापाशी उभी होती.

"नाही बाळा. दुःखी असते तर त्यांच्यासाठी कुणी धावलं असतं."

गार्गीचा दाणा त्याच दिवशी काढला. तिला पंधरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

आणि मग घरात वाट बघणं सुरू झालं. जयवंत पहाटे उठायचा आणि गाड्यासाठी नव्हे, घरासाठी करायला घ्यायचा. एक दिवस पोहे, एक दिवस थालीपीठ, एक दिवस गूळ घातलेला शिरा. खमंग वास मुद्दाम आतल्या खोलीकडं जावा म्हणून तो पंखा लावून ठेवायचा. सारिका दाराआड उभी राहून कान टवकारायची. गार्गी उठायची, केस बांधायची, ताटासमोर बसायची. वाढलं की खायची. नाही वाढलं तर मागायची नाही. एकदा सारिकानं मुद्दाम दुपारपर्यंत काहीच दिलं नाही. एक वाजता पोरीचे हात थरथरू लागले, ओठ पांढरे पडले, तरी ती पुस्तक घेऊन बसूनच. शेवटी सारिकाच धावत ताट घेऊन आली आणि तिला भरवता भरवता हुंदके देऊ लागली. गार्गी आईच्या तोंडाकडं बघत राहिली, बराच वेळ.

त्यानंतर आठवडाभरानं, दाणा काढल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी आतल्या खोलीतून आवाज आला.

"आई, भूक!"

सारिकाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. जयवंतनं उलथनं हातात तसंच धरून आत धाव घेतली. गार्गी अंथरुणात उठून बसली होती, केस विस्कटलेले, आणि हसत होती. "दे ना गं," ती म्हणाली. तिनं दोन ताटल्या पोहे खाल्ले. जयवंत तिला वाढत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. त्या दिवशी त्यानं माळ्यावरची मोठी कढई खाली काढून घासून ठेवली.

दुसऱ्या दिवशी हाक आली, तिसऱ्याही दिवशी आली. सारिकानं डॉक्टरांना फोन केला.

"एकदा रक्त तपासू या का?" डॉक्टरांनी विचारलं. "घ्रेलिन वर चढतंय का ते कळेल."

"कशाला हो सुया टोचायच्या? तिच्या तोंडून ऐकलंय मी," सारिका म्हणाली. "आईला कळत नाही होय?"

त्याच आठवड्यात तिनं संघातल्या मुलींच्या आयांना शाळेत बोलावलं. मिरजेत पाहिलेलं सगळं सांगितलं. दाणे ताबडतोब काढा म्हणून अक्षरशः हात जोडले. बायका चुळबुळल्या. दहावीचं वर्ष तोंडावर आलं होतं. पोरी बैठक मारून अभ्यास करत होत्या. शेवटी अनघाच्या आईनं विचारलं, "मॅडम, काढल्यावर भूक येती का परत?"

त्यांचा धीर वाढावा म्हणून सारिका भरल्या आवाजात म्हणाली, "येते! आमच्या गार्गीची आली की. चाळीस दिवसांत आली. काळजीच करू नका."

"मग झालं तर," अनघाची आई मोकळेपणानं हसली. "परीक्षा होऊ दे की. एप्रिलमध्ये काढू. येतीच म्हटल्यावर गडबड कसली?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सारिका लवकर काढा, लवकर काढा म्हणत राहिली, पण तिच्या आवाजातली धार तिनंच काढून टाकली होती. घरी येताना तिला थोडं खटकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली आणि ती ते विसरून गेली.

अशा चार महिने हाका आल्या. गार्गी मैदानावरही येऊ लागली, सांगितलं की पळायची, थांब म्हटलं की थांबायची. हळूहळू येईल, सारिका म्हणायची. अजून अशक्तपणा आहे.

मार्चमधला दिवस. गार्गीचा पहिला पेपर होता, म्हणून ती लवकर उठून अंघोळीला गेली होती. सारिका तिचं अंथरूण आवरत होती. उशीखाली काहीतरी थरथरलं. गार्गीचा मोबाईल. गजर होता, आवाज बंद केलेला. बंद करायला म्हणून सारिकानं तो उचलला. पडद्यावर वेळ होती सात वाजून दहा मिनिटं, आणि खाली गार्गीनं टाईप करून ठेवलेली आठवण:

'आईला भूक म्हणायचं.'

त्याखाली बारीक अक्षरांत: रोज.

सारिका अंथरुणावर बसली. मोबाईल तिच्या हातात थरथरत होता आणि मग आपोआप थांबला. न्हाणीघरात पाणी पडत होतं. बाहेर जयवंत कढईत मोहरी टाकत होता.

गार्गी ओले केस पुसत आली आणि आईच्या हातातला मोबाईल बघून जागीच थांबली. तिनं नाकारलं नाही, की ती गडबडली नाही. टॉवेल खुर्चीवर ठेवून ती आईशेजारी येऊन बसली.

"कधीपासून?" सारिकानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"एकदाही लागली नाही? खरी?"

"नाही गं."

"मग का?"

"तू त्या दिवशी मला भरवताना रडलीस ना. मला फार वाईट वाटलं. पप्पा पण पंखा लावून बसायचे. म्हटलं, म्हणू या. पण विसरायला व्हायचं, म्हणून गजर लावला." तिनं ओले केस मागं सारले. "लहानपणी कसं म्हणायचे ते तुझ्या जुन्या मोबाईलवर होतं. ते ऐकून शिकले."

सारिकानं तिला जवळ ओढलं. पोरीचं अंग गरम होतं, वजन अगदी नेमकं होतं. हिच्यात माया शिल्लक आहे, आणि ती सांगायला हिला गजर लागतो. सारिकाला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडं एक कोरडी जागा असते, तिथं ती पोचली होती. आपण हे हातानं केलं, उपाशी ठेवायला नको म्हणून केलं, आणि पोरीची भूकच कायमची घालवून बसलो, हे तिला आता पुरतं कळलं.

मग तिला उरलेल्या अकरा जणी आठवल्या. येतीच म्हटल्यावर गडबड कसली? अकरा जणींचे चार महिने वाया गेले होते. त्यातल्या आठ जणींना एव्हाना सोळावं उलटलं होतं. राहिल्या तिघी. अनघाला तर पुढच्या आठवड्यात सोळा पुरी होत होती.

तिनं डॉक्टर मुजावरांना फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "तिघींना आजच घेऊन या. मी थांबते. पण सारिकाताई, खोटी आशा देणार नाही मी."

"नका देऊ," सारिका म्हणाली. "मी दिलीय तेवढी पुष्कळ झाली."

जयवंत ताटली घेऊन दारात आला. "आज हाक नाही आली?" त्यानं हसत विचारलं. दोघींची तोंडं बघून त्याचं हसू मावळलं. सारिकानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. ताटली टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

सारिका उठली, पायात चपला सरकवल्या. पहिलं घर अनघाचं. तिथं जाऊन सांगायचं होतं की आमच्या पोरीची भूक आलीच नव्हती, मी ऐकलं ते खोटं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं तेही. ते आता तोंडावर दार लावतील, नाहीतर परीक्षा होऊ दे म्हणतील.

"आई," मागून गार्गी म्हणाली. ती ताटलीसमोर बसली होती. कुणी खा म्हणायची वाट बघत. "उद्यापासून म्हणू की नको?"

सारिका दाराची कडी धरून उभी राहिली. नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण उद्याची सकाळ तिला दिसली. त्यानंतरच्या सगळ्या सकाळी दिसल्या.

"म्हण," ती म्हणाली. "म्हणत जा, बाळा. गजर राहू दे. आता खा."

गार्गीनं पहिला घास उचलला. सारिका बाहेर पडली आणि अनघाच्या घराकडं पळत सुटली.